आमची वाटचाल: सुतळीच्या दुकानातून गळाच्या पाकिटापर्यंत

आमचं दुकान मुळात दोराचं. सांगलीची पेठ म्हणजे हळद आणि गूळ, आणि हळद-गूळ म्हटलं की पोती, सुतळी, ताडपत्री आलीच. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, याच मालावर घर चालवलं. मासेमारीचं सामान दुकानात शिरलं ते नायलॉनच्या दोराच्या मागोमाग. कृष्णाकाठच्या गावांतली भोई मंडळी जाळ्यासाठी दोर न्यायला यायची. तीच म्हणायची, "अण्णा, तंगूस ठेवा की." मग तंगूस, म्हणजे गळ बांधायचा नायलॉनचा एकपदरी दोरा, आला, तंगुसाबरोबर शिसं आलं आणि शेवटी गळांचा पत्र्याचा डबा गल्ल्याशेजारी येऊन बसला.

त्या गिऱ्हाइकाला काही सांगावं लागत नसे. लांब दोरीला ठरावीक अंतरावर गळ बांधायचे, संध्याकाळी नदीत सोडायचे आणि पहाटे ओढायचे, हा त्यांचा रोजचा धंदा. कोणता गळ पाहिजे ते बोटावर टेकवून दाखवायचे. अण्णा मोजून कागदात बांधून द्यायचे. स्वतः अण्णांनी उभ्या जन्मात गळ टाकला नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही.

२०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. पेठेत काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. ताडपत्र्या धुऊन वाळवल्या, नायलॉनचे दोर निघाले, पोती मात्र कुजली आणि गळांचे डबे उघडले तर आत गंजाचा एकच गोळा. जरा सावरतोय तोवर लॉकडाऊन लागला. खरं सांगायचं तर आमचा गळाचा धंदा जो वाढला तो त्या लॉकडाऊनमुळेच. पुण्या-मुंबईची नोकरी लॅपटॉपवर घेऊन गावी आलेली पोरं संध्याकाळी नदीवर जाऊन बसायला लागली, आणि निर्बंध सैल झाल्यावर थेट दुकानात यायला लागली.

हे गिऱ्हाईक वेगळं होतं. हातात मोबाईल, मोबाईलवर अमेरिकेतल्या कुठल्या तरी नदीचा व्हिडिओ, आणि प्रश्न एकच: "कॅटफिशसाठी काय आहे?" आता कृष्णेत 'कॅटफिश' नावाचा एक मासा नाही. शिवडा आहे, शिंगाळा आहे, घोगरा आहे, बारकी शिंगटी आहे. सगळ्यांना मिशा, कुणालाच खवले नाहीत, इथवर सारखेपणा. पण शिंगटीचं तोंड करंगळीचं टोक जाईल एवढं, आणि मोठ्या शिवड्याचं तोंड उघडलं की आपली मूठ आत बसते. दोघांना एक गळ कसा चालेल? बरं, यांतल्या बहुतेकांनी आधीच ऑनलाइन एक भलामोठा डबा मागवलेला असायचा. त्यात प्लॅस्टिकचे बेडूक, चकचकीत पत्रे, रंगीत पिसं, आणि तळाशी बसणाऱ्या माशासाठी कामाचं जवळपास काही नाही.

तेव्हा ठरवलं की माल वाढवायचा नाही, कमी करायचा. नवख्या माणसाला निवड नको असते, त्याला बांधून तयार हवं असतं. यातून आमचं पाकीट जन्माला आलं.

पाकिटात काय असतं ते सांगतो, गुपित काही नाही. मधोमध भोक असलेलं शिसं, एक प्लॅस्टिकचा मणी, एक स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी, हातभर लांबीचा जाड तंगूस आणि त्याच्या टोकाला गळ. शिसं मुख्य दोरीवर मोकळं सरकतं. माशानं आमिष तोंडात धरून ओढलं की दोरी शिशाच्या भोकातून सरकत जाते, वजन त्याला जाणवत नाही आणि तो आमिष टाकून देत नाही. मणी कशासाठी, तर शिसं फेकताना आणि ओढताना गाठीवर आपटतं, ती गाठ वाचावी म्हणून. शिवड्याच्या जबड्यात बारीक दातांचे पट्टे असतात, तंगूस त्यावर घासून तुटतो, म्हणून शेवटचा हातभर तुकडा मुख्य दोरीपेक्षा जाड. मुख्य दोरी ०.४० मिलिमीटरची असली तरी नवख्याला पुष्कळ झाली.

गाठी आमच्या गल्लीतल्या दोन काकू बांधतात. त्या आधी साड्यांना फॉल-पिको करायच्या, त्यामुळे हात बसलेला. तंगूस गळाच्या डोळ्यातून काढायचा, दांडीला जवळून वेढे द्यायचे, टोक आतून काढायचं आणि आवळण्याआधी पाण्याचं बोट लावायचं. हे पाण्याचं बोट महत्त्वाचं. कोरडा तंगूस आवळला की घर्षणानं तापतो आणि नेमका गाठीपाशीच कच्चा होतो. नदीवर बसणारे थुंकी लावतात. काकूंनी पहिल्याच दिवशी वाटीत पाणी घेतलं आणि थुंकीचा विषय संपवला. प्रत्येक गाठ भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ओढून बघतात. सुटली तर ती त्यांच्या नगात धरत नाहीत, अशी अट त्यांनीच घातली.

गळाच्या नंबरावरून काउंटरवर अजून गोंधळ होतो. आठ नंबर सहापेक्षा बारीक, सहा चारपेक्षा बारीक, असं उतरत एकपर्यंत यायचं. तिथून पुढं १/०, २/०, ३/० असे आकडे चढत जातात आणि गळही मोठा होत जातो. आम्ही सरळ पाकिटांवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या. पिवळी म्हणजे शिंगटीसाठी सहा-आठ नंबर, हिरवी म्हणजे घोगरा-शिंगाळ्यासाठी १/० ते ३/०, लाल म्हणजे शिवड्यासाठी ४/० आणि वर. नवख्यानं हिरवी घ्यावी. लाल घेऊन पहिल्याच दिवशी शिवडा धरायला निघालेली मंडळी बहुतेक डास मारून परत येतात.

मोठ्या पाकिटांत आम्ही टोक आत वळलेला गोल गळ घालतो. सुरुवातीला त्यावर तक्रारी यायच्या, "लागतच नाही हो." लागत नाही कारण पोरं चावा आला की जोरात हिसका मारतात. गोल गळाला हिसका चालत नाही. काठी वाकू द्यायची आणि शांतपणे रीळ फिरवायला घ्यायचं. गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, घशात उतरत नाही, त्यामुळे मासा परत सोडायचा असला तर जिवंत सोडता येतो. आता पाकिटावरच ठळक छापलं आहे: हिसका मारू नका. तिकटी, म्हणजे तीन टोकांचा, गळ आम्ही ठेवतच नाही. मागणी आहे, पण तो माशाच्या तोंडाची आणि माणसाच्या बोटाची सारखीच वाट लावतो.

आमिषाचा धंदा मात्र आम्ही ठरवून केला नाही, तो गळ्यात पडला. या माशांची नजर फारशी कामाची नसते, गढूळ पाण्यात तर नाहीच. मिशांवर आणि अंगावरच्या कातडीवरही चव कळणाऱ्या पेशी असतात, तेव्हा वास पाण्यात पसरेल असं काहीतरी हवं. काडू, म्हणजे गांडूळ, सगळ्यात सोपं आणि नवख्यासाठी सगळ्यात चांगलं. एका गळावर दोन-तीन लावा, टोकं लोंबती ठेवा आणि गळाचं टोक मोकळं राहू द्या. कोंबडीची कलेजी शिंगाळ्याला आवडते, पण ती इतकी मऊ की फेकतानाच गळावरून उडते. तिचे तुकडे करून मीठ लावून ठेवले की घट्ट होतात, वरून शिलाईच्या दोऱ्याचे चार वेढे दिले की काम झालं. तिसरं आमचं स्वतःचं: कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि सुकटीची पूड. त्यात थोडा कापूस पिंजून मळतो. कापसाचे धागे गोळ्याला धरून ठेवतात, नाहीतर पाण्यात गेल्या गेल्या त्याची खीर होते. ही सुकट आम्ही आधी दुकानाच्या मागच्या बाजूला दळायचो. शेजारी मिठाईचं दुकान. त्या मालकांनी फार सभ्यपणे, पेढे देऊन, विनंती केली. आता दळण गावाबाहेरच्या शेडमध्ये होतं.

रॉड आम्ही दोनच प्रकारचे ठेवतो. चाव्याची खूण कळायला परदेशी धाटणीच्या बॅटरीच्या घंट्या मिळतात. आम्ही टोकाला बांधायला घुंगरू देतो. बैलाच्या गळ्यातलेच, आमच्याच पेठेत मिळणारे. त्याला सेल लागत नाही.

विक्री करताना काही गोष्टी न विचारताच सांगतो, आणि त्यामुळे गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. औदुंबर-भिलवडीपासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णेत मगरी आहेत. रात्री पाण्याला लागून बसायचं नाही, अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरायचं नाही, तंगूस तोडा, नवं पाकीट मी अर्ध्या किमतीत देतो. बंधाऱ्याच्या खाली जिथं पाणी उकळतं तिथं उभं राहायचं नाही. शिंगाळ्याच्या आणि शिंगटीच्या पाठीवर आणि कल्ल्यामागे काटे असतात. मासा ओल्या फडक्यात, काटे मिटवूनच धरायचा. धरणाच्या पाण्यावर गळ टाकायचा तर तिथला ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारायचं. आणि थाई मागूर, म्हणजे बाहेरून आलेला मिशांचा खादाड मासा, लागला तर तो नदीत परत सोडायचा नाही. २००० सालापासून त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर देशात बंदी आहे, तरी तो नदीत पोचलाच आहे.

धंद्यावर आमचं नियंत्रण फार थोडं. नदीत मळीचं पाणी सुटलं आणि मेलेल्या माशांचा खच काठाला लागला की पुढचे कित्येक आठवडे एक पाकीट खपत नाही. त्यावर आम्ही अर्ज केले, भोई मंडळींबरोबर कचेरीत जाऊन बसलो. पाण्याचे नमुने घेतले जातात. पुढचं कळत नाही.

पावसाळ्यात गळाचा माल आम्ही स्वतःहून मागं ठेवतो. हा या माशांच्या विणीचा काळ, शिवडा तर जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत गेला आहे, आणि कोयनेतून विसर्ग वाढला की काठावर बसणं हा तसाही शहाणपणा नव्हे. त्या महिन्यांत ताडपत्री आणि सुतळीच दुकान चालवतात. अण्णा तेव्हा खुशीत असतात. त्यांच्या मते हेच खरं दुकान.

सध्या खटपट चालली आहे ती गळ काढायच्या चिमट्याची. बाजारात मिळतो तो एकतर गंजतो किंवा रॉडच्या निम्म्या किमतीचा असतो. कुपवाडच्या एका वर्कशॉपवाल्यानं लांब नाकाचा एक नमुना करून दिला आहे, पण त्याची पकड ओल्या हातात सरकते. पकडीला दोर गुंडाळून बघा, असं अण्णांचं म्हणणं. तो नमुना पुढच्या आठवड्यात येईल.