आमची वाटचाल : तंबाखूच्या खतापासून सुरुवात

निपाणी भागात खताचा धंदा करायचा तर आधी तंबाखू कळावा लागतो. वडिलांचं खतांचं दुकान होतं, तेव्हापासून ऐकत आलोय : तंबाखूला लाल पोटॅश घालू नये. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यात पोटॅश ६० टक्के, भावही कमी. पण क्लोराइड पानात साठतं, पान ओल धरतं आणि नीट जळत नाही. पोटॅशियम सल्फेटमध्ये पोटॅश ५० टक्के, भाव चढा, पण पान राखतं. बाजारातल्या मिश्रखतात बहुतेक लाल पोटॅशच असायचं, म्हणून आम्ही आपलं मिश्रखत करायला घेतलं.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे नोंदणी झाली, मिक्सर, ड्रायर, चाळण्या बसल्या. मग मिश्रखतात स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) घालायच्या सुपर फॉस्फेटनं आम्हाला कामाला लावलं. रॉक फॉस्फेट आणि गंधकाम्ल यांच्या अभिक्रियेतून सुपर होतं, त्यातल्या कॅल्शियम फॉस्फेटला पाण्याचा एक रेणू चिकटलेला असतो. युरिया मिसळला की तो त्या पाण्याची जागा घेतो आणि पाणी मोकळं होतं. ढीग ओलावतो, मुठीत घेतला तर हाताला गारा लागतो, आणि तोच माल पोत्यात दगड होतो. ताज्या सुपरमध्ये आम्लही उरलेलं असतं, म्हणून आम्ही ते काही आठवडे पिकवतो, म्हणजे ढिगात तसंच मुरू देतो. त्यातून ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांवर गेली की युरिया हवेतलं पाणीही ओढतो. म्हणून युरियाचा माल आम्ही पावसाळ्याआधीच करून, आतून प्लास्टिक असलेल्या पोत्यात भरतो.

ऊस वाढला तसं चिकोडी, रायबाग, अथणीकडून बोलावणं आलं. अथणीच्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद कॅल्शियमला अडकतं, बेळगावजवळच्या खानापूरच्या आंबट तांबड्या मातीत ते लोह आणि ॲल्युमिनियमला अडकतं. कच्चं रॉक फॉस्फेट मात्र आंबट मातीतच विरघळतं, म्हणून ते खानापूरच्या भाताला हळूहळू लागू पडतं, अथणीत जवळजवळ वाया जातं. माती तपासल्याशिवाय पोतं नेऊ नका, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, त्यात आमची विक्री कमी झाली तरी चालेल.

महाराष्ट्रातलं कागल इथून जवळच, तिकडचे शेतकरीही माल मागतात. पण मिश्रखताच्या ग्रेड, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांची प्रमाणं, प्रत्येक राज्य आपापल्या ठरवतं, कर्नाटकातल्या नोंदणीवर पोतं पलीकडे पाठवता येत नाही. महाराष्ट्राची परवानगी मिळवायचं काम सध्या चालू आहे.