इस्तंबूलच्या हमामातली अंघोळ

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या ओळखीपाळखीत इस्तंबूल पाहून आलेली बरीच मंडळी आहेत आणि हमाम या विषयावर त्यांच्यात सरळ दोन तट पडलेले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, बाकी काही राहिले तरी चालेल, पण हमाम चुकवू नये. दुसरा तट सांगतो की, एवढे पैसे मोजून मालिश जेमतेम दहा मिनिटांची मिळाली आणि अंघोळ घालणारी बाई तर नुसतीच खसाखसा घासत होती. आम्ही जाऊन आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, दुसऱ्या तटाची तक्रार अक्षरशः खरी आहे, मात्र ती हमामाविषयीची तक्रार नाही. हमाम हे मालिशीचे ठिकाण नाही. ती अंघोळीची जागा आहे, आणि मालिश ही तिथे शेवटी, जाता जाता होणारी गोष्ट आहे. ज्याला हे आधी ठाऊक असेल, त्याला तिथे गेल्यावर चुकल्यासारखे वाटणार नाही.

मुळात हमाम म्हणजे एका पाठोपाठ येणारी तीन दालने. पहिल्या उंच घुमटाच्या दालनात कपडे बदलायचे, बसायचे, चहा-सरबत घ्यायचे. मधले दालन कोमट, अंगाला उष्णतेची सवय व्हावी म्हणून. आणि तिसरे, आतले, खरे गरम दालन. ही मांडणी तुर्कांना रोमन आणि बायझंटाईन स्नानगृहांकडून मिळाली. जमिनीखाली पोकळी ठेवायची, एका बाजूला भट्टी पेटवायची आणि तिची धग व धूर फरशीखालून फिरवून भिंतींत बसवलेल्या नळ्यांमधून वर न्यायचा, ही रोमनांची युक्ती उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, कारागिरांनी शतकानुशतके वापरली. आता बहुतेक ठिकाणी लाकडाच्या जागी गॅस आला आहे, पण तत्त्व तेच आहे: हवा तापवण्याऐवजी दगड तापवायचा आणि त्या दगडाने माणसाला तापवायचे. त्यामुळे हमामातली उष्णता फिनलंडच्या सौनासारखी अंगावर येत नाही. सौनात कोरडी हवा ८० अंशांच्याही वर जाते. इथे तापमान साधारण ४० ते ५० अंश आणि हवेत भरपूर दमटपणा. मे महिन्यात ठाणे स्टेशनाच्या पुलावरून चालण्याची सवय असलेल्या माणसाला या दमटपणाची भीती घालण्याचे कारण नाही.

आम्ही गेलो तो चेंबरलिताश हमाम. सहलीच्या कार्यक्रमात तो नव्हता. सुलतानअहमद भागात एक दुपार मोकळी दिली होती आणि आमच्या गटातल्या बहुतेकांनी ती ग्रँड बाजारातल्या दिव्यांच्या आणि गालिच्यांच्या दुकानांना वाहिली. बाजारापासून हा हमाम चालत काही मिनिटांवर, ट्रामच्या थांब्याला लागूनच आहे. समोर सम्राट कॉन्स्टंटाईनचा इसवी सन ३३० मधला लोखंडी कड्यांनी आवळलेला स्तंभ उभा आहे. हमाम १५८४ सालचा, आराखडा उस्मानी दरबाराचा वास्तुरचनाकार मिमार सिनान याचा, आणि तो बांधून घेतला नूरबानू सुलतानने, म्हणजे सुलतान दुसऱ्या सलीमच्या पत्नीने आणि तिसऱ्या मुरादच्या आईने. बोस्फरसपलीकडे उस्कुदारला तिने मशीद, पाठशाळा आणि अन्नछत्र असलेली मोठी धर्मादाय वास्तू उभारली होती. त्या वास्तूच्या खर्चाला कायमचे उत्पन्न मिळावे हा या हमामामागचा हेतू होता. जाआलोलू हमाम हाही त्याच पठडीतला. १७४१ मध्ये सुलतान पहिल्या महमूदने तो बांधला, तेव्हा त्याचे उत्पन्न हाया सोफिया या प्रसिद्ध वास्तूतल्या ग्रंथालयासाठी राखून ठेवलेले होते. लोकांच्या अंघोळीच्या पैशांतून ग्रंथालय चालवण्याची ही कल्पना मला फार आवडली.

चेंबरलिताश हा जोड-हमाम आहे, म्हणजे स्त्रिया आणि पुरुष यांचे विभाग पूर्ण वेगळे, दारापासून वेगळे. माझे यजमान एका दाराने गेले आणि मी व आमच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दाराने. एकोणिसाव्या शतकात समोरचा रस्ता रुंद करताना स्त्रियांच्या बाजूचे कपडे बदलण्याचे दालन कापले गेले, त्यामुळे वास्तू म्हणून पाहायचे तर पुरुषांची बाजू अधिक देखणी आहे. हे यजमानांनी बाहेर आल्यावर मला दोनदा ऐकवले. रस्तारुंदीत बळी कोणाचा जायचा, हे तिथेही ठरलेलेच असावे.

आत गेल्यावर एक पातळ, चौकड्यांचे सुती वस्त्र मिळते, त्याला पेश्तमाल म्हणतात. सोबत एकदा वापरून टाकून द्यायची चड्डी आणि अंग घासायचा केसे नावाचा हातमोजा. तिथे सगळे कपडे काढावे लागतात का, हा प्रश्न आमच्याकडच्या बायका सर्वांत आधी आणि सर्वांत हळू आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते: खालचे अंतर्वस्त्र अंगावर असते, वर काय ठेवायचे ते आपल्यावर असते आणि कोणीही कोणाकडे पाहत नाही. दागिने मात्र काढून ठेवावेत, कारण त्या दालनात धातू तापतो. काकूंनी कानातले, बांगड्या सगळे काढले, मंगळसूत्रापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे राहू दे. चाळीस वर्षांत तापलं नाही, आता काय तापतंय?” आतल्या नातिरने, म्हणजे अंघोळ घालणाऱ्या बाईने, ते पाहिले, पेंडंट गळ्यामागे पाठीकडे वळवले, त्याखाली पेश्तमालचे टोक दुमडून घातले आणि काही न बोलता कामाला लागली. दिवसाकाठी किती देशांच्या किती बायकांचे काय काय गळ्यात पाहत असेल ती, कोण जाणे.

गरम दालनाच्या मधोमध संगमरवराचा एक प्रशस्त चौथरा असतो, गोबेकताशी. त्यावर पेश्तमाल अंथरून आडवे व्हायचे आणि घाम फुटेपर्यंत पडून राहायचे. वर घुमटात काचेची भोके असतात, त्यांतून उजेडाचे कवडसे वाफेत उतरतात आणि ते कडेकडेने सरकताना दिसतात, एवढाच तिथे वेळ कळण्याचा मार्ग. हे पडून राहणे म्हणजे ‘खरी सेवा’ सुरू होण्यापूर्वीची वाट पाहणे, असे समजून अनेक जण चुळबुळत उठून बसतात. वस्तुतः पुढचे सगळे याच पंधरा-वीस मिनिटांवर अवलंबून असते. उष्णतेने आणि ओलाव्याने त्वचेचा वरचा मृत थर फुगून सैल होतो. तो पुरेसा सैल झाला नाही, तर घासणे नुसते बोचते आणि निघत काहीच नाही. गर्दीच्या वेळी हमामात जाऊ नये, याचे कारण हेच: मागे रांग असली की कात्री पहिल्यांदा या वेळेलाच लागते.

मग नातिर येते, ओल्या दगडावर हाताने थाप मारून जागा दाखवते आणि केसे हातात चढवते. या मोज्याचे विणकाम खरखरीत असते. आपल्या वजरीपेक्षा मऊ आणि पंचापेक्षा खूपच चरचरीत. साबण नाही, तेल नाही, नुसती ओली त्वचा आणि लांब, एकाच दिशेचे, वजन टाकून दिलेले हात. खांद्यापासून मनगटापर्यंत तिसऱ्या हाताला त्वचेवर राखाडी वळ्या दिसू लागल्या. मी रोज दोनदा अंघोळ करणारी बाई; तिने माझे मनगट उचलून त्या वळ्या मला नीट दाखवल्या आणि समाधानाने हसली. तिच्या दृष्टीने तो कामाचा पुरावा होता. ‘खसाखसा घासते’ अशी जी तक्रार ऐकू येते, ती या भागाची, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच.

आपल्या अभ्यंगस्नानाशी ताडून पाहिले, तर यातला क्रम पूर्ण उलटा आहे. आपण दिवाळीच्या पहाटे आधी तेल चोळतो, ते मुरू देतो, मग उटणे लावून ते तेल आणि त्याबरोबर मळ काढतो, आणि कढत पाणी शेवटी घेतो. तिथे उष्णता आधी, घासणे मग, साबण त्यानंतर आणि तेल घ्यायचेच असेल तर अगदी शेवटी. हमामात जाण्यापूर्वी अंगाला तेल किंवा क्रीम लावून गेलात, तर केसे नुसता घसरतो. दोन्ही पद्धतींत तर्क आहे: आपले तेल मळ सुटा करते, तिथे ते काम वाफ करते. ज्या प्रदेशात हिवाळ्यात बर्फ पडतो आणि घरोघरी गरम पाणी मिळणे अवघड होते, तिथे एकाच भट्टीवर अख्ख्या मोहल्ल्याची अंघोळ उरकणे शहाणपणाचे होते.

घासून झाल्यावर साबणाचा फेस येतो, आणि तो कसा तयार होतो ते डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखे आहे. उशीच्या अभ्र्यासारखी एक विरळ कापडी पिशवी नातिर साबणाच्या पाण्यात बुडवते, हवेत झुलवून ती फुगवते, तोंड आवळते आणि मग वरून खालपर्यंत हात ओढत पिळते. पिशवीच्या विणीतून पांढराशुभ्र फेस इतका बाहेर पडतो की त्याखाली माणूस दिसेनासा होतो. या फेसातच ती पाठ, पोटऱ्या आणि तळवे मळून काढते. यालाच दरपत्रकात मालिश म्हटलेले असते. बेताची, जोरकस आणि लवकर संपणारी अशी ती असते. जास्त पैसे भरून वेगळी तेलमालिशही घेता येते, आणि आमच्या गटातल्या एका जोडप्याने ती घेतली. त्यांच्या वर्णनावरून ती कोणत्याही शहरात मिळते तशीच होती. माझा सल्ला असा की, ते पैसे वाचवावेत. मालिश कशी असते ते ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी बाळंतिणीला आणि बाळाला चोळायला घरोघर जाणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना बोलवावे. त्यांच्या अंगठ्यात जे ज्ञान आहे, ते मला तरी कुठल्या दरपत्रकात आढळलेले नाही.

बाळंतिणीवरून आठवले. तुर्की घरांत बाळ चाळीस दिवसांचे झाले की आई आणि बाळ यांना हमामात नेऊन न्हाऊ घालण्याची रीत होती. काकूंना हे कळल्यावर त्यांनी लगेच आपला सव्वा महिना आणि त्यांचे चाळीस दिवस यांची सांगड घातली. लग्नाआधी नवरीला मैत्रिणी आणि नातेवाईक बायकांसह वाजतगाजत हमामात नेत. एरवीही बायका डबे घेऊन, मुलांना घेऊन दिवसाचा मोठा भाग तिथे घालवत, आणि मुलाच्या आया तिथेच सुना हेरत. घराबाहेर मोकळेपणाने बसण्याची ती बायकांची हक्काची जागा होती. घराघरांत न्हाणीघरे आणि नळ आल्यावर हे सगळे आटले आणि मोठ्या हमामांचा भार हळूहळू पर्यटकांवर आला.

एका बाबतीत आपल्याकडचे पाहुणे तिथे हमखास गोंधळतात. अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांत उतरून बसण्याची आपल्याला सवय, त्यामुळे हमामात मोठा हौद असेल अशी कल्पना असते. पारंपरिक हमामात तसा हौद नसतो, कारण वाहते पाणीच शुद्ध मानण्याचा दंडक आहे. भिंतीलगत संगमरवरी कुंड्या असतात, त्यांना कुर्ना म्हणतात. त्यांना खाली पाणी जायला भोक नसते. तोटी सोडून गरम-थंड जुळवायचे आणि धातूच्या पसरट वाटीने अंगावर घ्यायचे. कुर्नात पाय घालणे, बसणे, फेसाचा हात बुचकळणे हे अत्यंत असभ्य समजले जाते. साबणाचा हात बादलीत घालू नये, म्हणून लहानपणी ज्यांनी ओरडा खाल्ला असेल, त्यांना हे वेगळे शिकवायला नको.

हॉटेलच्या तळघरातल्या हमामाला माझा विरोध आहे. आमच्या हॉटेलातही तो होता. सोय चांगली, फरशी चकचकीत, पण चौथरा जेमतेम कोमट, आणि दगड तापलेला नसेल तर उरते ती ओल्या खोलीतली साधी अंघोळ. घोडबंदर रस्त्यावर किंवा वाशी-नेरुळला ‘टर्किश बाथ’ अशी पाटी दिसते, तिथेही बहुधा वाफेची एक बंद खोली असते. ती वाईट नाही, पण तिचा या गोष्टीशी संबंध नावापुरता. इस्तंबूलमध्ये जोडीने जाणाऱ्यांनी आणखी एक पाहून घ्यावे. किलिच अली पाशा हमामासारख्या ठिकाणी विभाग एकच असल्याने स्त्रियांची वेळ दिवसा आणि पुरुषांची संध्याकाळी असते. हाया सोफिया आणि निळी मशीद यांच्या मधोमध असलेला सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम सुलतान हिचा हमाम २०११ मध्ये डागडुजीनंतर पुन्हा उघडला. तो सर्वांत देखण्यांपैकी आहे आणि त्याचे दरही तसेच आहेत.

रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये. भरल्या पोटी तर कोणीच जाऊ नये. वॅक्सिंग केलेल्या दिवशी केसे लावून घेऊ नये, फार झोंबते. बाहेर येताना नातिरला बक्षिसी द्यायची पद्धत आहे. ती थेट तिच्या हातात द्यावी. तांब्याच्या नक्षीदार वाट्या बाजारात मोह घालतात, पण आमच्या ठाण्यात जांभळी नाक्यावर भांड्यांच्या दुकानांत तांबे वजनावर मिळते, तेव्हा सामानाचे ओझे वाढवण्यात अर्थ नाही. केसे मात्र दोन-चार जरूर आणावेत. न्हाणीघराचे दार लावून, गरम पाणी सोडून दहा-पंधरा मिनिटे वाफेत बसलात, तर आपल्या घरीही तो बऱ्यापैकी काम करतो. काकूंनी आणलेले त्यांच्या सुनेने परस्पर भांडी घासायला काढले, आणि त्यावर “चांगली निघतात गं” एवढेच काकूंचे म्हणणे आहे.