नऊ किलोचं प्रेशर

गुरुवार

बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे, उद्यमबागेतल्या मामांच्या लेथवरून आज माझ्या एस्प्रेसो मशीनचा टॅम्पर, म्हणजे दळलेली कॉफी दाबायचा ठोकळा, हातात आला. स्टेनलेस स्टीलचा, एसएस ३०४, तळाचा व्यास ५८.५ मिलिमीटर. मशीनबरोबर मिळालेला प्लॅस्टिकचा टॅम्पर बास्केटमध्ये, म्हणजे कॉफी भरायच्या जाळीदार वाटीत, सैल हलायचा आणि कडेची कॉफी न दाबताच राहायची. मग पाणी कडेकडेनेच खाली पळतं, मधल्या कॉफीत नीट मुरत नाही, आणि कपात आंबट-कडू दोन्ही एकदम उतरतं.

मामांनी बास्केटमध्ये व्हर्नियर घातला. वर माप घेतलं, खाली घेतलं, मग म्हणाले, "ताई, ही वर रुंद हाय, खाली निमुळती हाय. माप कुठलं धरायचं वो?"

टॅम्परवरचे कितीतरी व्हिडिओ मी पाहिलेत, पण हा प्रश्न त्यांत कुणी विचारलेला ऐकला नव्हता. अठरा ग्रॅम कॉफी दाबल्यावर तिचा माथा जिथे येतो, तिथलं माप धरायचं. दळलेली कॉफी डब्यातून नेलीच होती. ती भरून खूण केली आणि मग मामांनी रॉड चकमध्ये धरला. शेवटच्या वेळी हाताखालच्या पोराला म्हणाले, "इन्ना स्वल्प तगी," आणि पोराने केसभर आणखी उतरवलं. आता टॅम्पर सोडला की तो खालची हवा हळूहळू बाहेर काढत, सावकाश उतरतो.

शेजारी पितळेचा रॉडही पडला होता, दिसायला फार देखणा. पण लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्या पितळेत अडीच-तीन टक्के शिसं असतं. रोज खाण्यापिण्यात येणाऱ्या वस्तूला ते नकोच. मामांना हे सांगायला लागलं नाही. त्यांनी रॉड आपणहून बाजूला सारला.

शनिवार

आज मशीन उघडलं. खूप दिवस हे करायचं मनात होतं.

मशीन इटालियन, एकाच बॉइलरचं, पुण्याहून जुनं घेतलेलं. दाखवायला नेलं तेव्हा सर्व्हिसवाल्याने आत न बघताच "नवीन घ्या" असं सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. वरचं झाकण दोन स्क्रूंवर आहे, आणि आत एक पंप, एक बॉइलर, एक सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह), दोन थर्मोस्टॅट आणि थोड्या नळ्या. एवढ्याशा यंत्राला कुणी काळी पेटी का म्हणावं?

पंप लहानसा, कंप पावणारा. चुंबकाच्या ओढीने आतला दट्ट्या मागेपुढे होतो आणि पाणी ढकलतो. वाट बंद केली तर तो १५ बारपर्यंत चढतो; एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब. कॉफीला एवढं नको असतं. जास्त दाबाने कॉफीची वडी इतकी घट्ट होते की पाणी तिच्यातून फट शोधतं आणि तिथूनच वाहतं. म्हणून वाटेत एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. ठरलेला दाब ओलांडला की तो उघडतो आणि जादा पाणी टाकीत परत सोडतो. कॉफीवाले त्याला ओपीव्ही म्हणतात.

तो व्हॉल्व्ह कितीवर उघडतो हे बघायला गेज हवा होता. पोर्टाफिल्टरची, म्हणजे बास्केट धरणाऱ्या हँडलची, खालची तोटी आट्यांवर असते, तीन अष्टमांश इंची बीएसपी पाइपच्या आट्यांची. ती काढून तिथे माप लहान करणारा जोड, रिड्यूसर, बसवला, त्यावर पाव इंची ग्लिसरीनचा गेज. दोन्ही वस्तू हायड्रॉलिकच्या सामानाच्या दुकानात मिळाल्या. पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर बनवणारे कारखाने इथे आहेत म्हणून असली दुकानंही आहेत. दुसऱ्या शहरात हेच कुरिअरने मागवून वाट बघत बसावं लागलं असतं.

दुकानातल्या काकांना मी मोबाइलवर आतला फोटो दाखवला. त्यांनी बोट ठेवलं. "हा तर रिलीफ व्हॉल्व्ह की ओ. कितीवर लावताय?"

"नऊ बार."

"नऊ किलो? एवढंच होय? आमच्याकडं दोनशे-अडीचशे किलो चालतंय."

मग त्यांनीच बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं. ५८ मिलिमीटर व्यास म्हणजे क्षेत्रफळ साधारण २६ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर नऊ किलो. म्हणजे कॉफीच्या त्या चकतीवर जवळजवळ दोनशे चाळीस किलोचा जोर. काका आकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग ते हँडल चांगलं घट्ट बसवा, ताई. गॅस्केट बघा आधी." पोर्टाफिल्टरला दोन कान आणि एक रबरी कडं, एवढ्यावर हा सगळा जोर पेललेला असतो. इतके दिवस नऊ बार हा माझ्यासाठी फक्त आकडा होता.

घरी गेज बसवून पंप चालू केला तर काटा तेराच्या पुढे गेला. व्हॉल्व्हचा स्क्रू उलटा सोडत गेले, दर वेळी पाव आटा, मग पुन्हा पंप. काटा साडेनऊवर थांबवला. गेज लावल्यावर पाणी वाहत नसतं, त्यामुळे तो आकडा थोडा जास्त दिसतो. कॉफीतून पाणी वाहू लागलं की नऊच्या आसपास येतो. मग गेज, रिड्यूसर काढून तोटी परत बसवली आणि नुसतं गरम पाणी भरपूर सोडलं, कारण दुकानातल्या फिटिंगला तेल असतं.

लगेच एक शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, काढला. अठरा ग्रॅम आत, छत्तीस ग्रॅम बाहेर, अठ्ठावीस सेकंद. धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक आणि न तुटता आली. बिया चिकमगळूरच्या, एस ७९५. केंट आणि एस २८८ यांच्या संकरातून बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात निघालेला हा वाण. त्याचा गोडवा गुळाच्या बाजूला झुकतो आणि आज तो पहिल्यांदा नीट कळला.

या नऊ बारमागे इतिहास आहे आणि मला तो फार आवडतो. सुरुवातीची इटालियन यंत्रं वाफेच्या दाबावर चालायची, तो दीड-दोन बारच्या वर फारसा जात नसे. मिलानच्या आकिले गॅजियाने १९३८ मध्ये पेटंट घेतलं, आणि युद्धानंतर त्याची दांड्याची, स्प्रिंगची मशीनं आली. तेव्हापासून कपावर सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. पुढे १९६१ मध्ये फाएमाच्या ई६१ ने दांडा काढून विजेचा पंप आणला. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव दिलेलं हे यंत्र. त्याच्या ग्रुपचा, म्हणजे जिथून पाणी कॉफीवर पडतं त्या भागाचा, घाट अजून बनतो.

रविवार

तापमान. थर्मोस्टॅट ठोक असतो. तो बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंत बॉइलर बराच थंड होतो, आणि त्यात शॉट कुठे सापडेल ते सांगता येत नाही. म्हणून पीआयडी कंट्रोलर बसवला, तापमान सतत मोजून हीटर हवा तेवढाच चालवणारा. हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांना वापरतात तोच, के टाइप थर्मोकपलचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचा. तिथे तो नऊशे अंश सांभाळतो, माझ्याकडे बॉइलरच्या अंगावर एकशे पाच, म्हणजे ग्रुपमधून पडताना त्र्याण्णवच्या आसपास. हीटर सहा अ‍ॅम्पियरच्या आत घेतो, तरी त्याला चालू-बंद करणारा रिले २५ अ‍ॅम्पियरचा, हीट सिंकसकट. प्लग काढून ठेवला होता, अर्थिंग तपासलं, आणि कंपनीचा थर्मल फ्यूज जागचा हलवला नाही. रिले चालू अवस्थेत चिकटला तर बॉइलर वाचवणारा तोच एक.

थर्मोकपल उकळत्या पाण्यात तपासताना १०० ची वाट बघायची नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथे पाणी साडेसत्त्याण्णवलाच उकळतं. मुंबईत बसून लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

पाण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. आमच्या नळाला राकसकोप-हिडकलचं पाणी येतं, ते बंद असलं की अपार्टमेंटची बोअर चालू होते. आईची चहाची किटली दोन्हींचा फरक सांगते: बोअरचा आठवडा गेला की तळाला पांढरा थर. तोच थर बॉइलरमध्ये बसला की हीटर तापतो पण पाणी तापत नाही, सोलेनॉइडची बारीक भोकं बुजतात. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात कठीणपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं, एक थेंब म्हणजे साधारण १८ पीपीएम. बोअरचं पाणी मशीनला मी दाखवतही नाही. निव्वळ आरओचं पाणीही नको, ते धातू खातं आणि कॉफी सपक लागते. म्हणून आरओच्या पाण्यात लिटरला शंभर मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट. यात कॅल्शियमच नाही, तर थर कशाचा बसणार?

जुना थर काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत पुरतं, लिटरला वीस ग्रॅम. व्हिनेगर नको, वास जाता जात नाही. बॉइलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ते पाणी रात्रभर ठेवायचं नाही. वीस मिनिटं, मग भरपूर धुवायचं.

सोमवार

संध्याकाळी ग्रुपची जाळी काढली. मागे काळं, खवट तेल साचलं होतं, त्याचा वास प्रत्येक कपात जात असणार. आंधळी, म्हणजे भोकं नसलेली, बास्केट लावून, मशीन धुवायची चिमूटभर पावडर टाकून बॅकफ्लश केला, म्हणजे पाणी उलटं फिरवून ग्रुप आतून धुतला. तीन तोंडांचा सोलेनॉइड असलेल्या मशीनलाच हे चालतं, दुसऱ्यांनी करू नये.

काकांच्या बोलण्यावरून गॅस्केटही पाहिलं. उन्हातल्या चपलेच्या तळासारखं कडक झालंय. ऑइल सीलच्या दुकानात बहुतेक नायट्राइल रबर असतं, तेलासाठी उत्तम, पण रोजच्या गरम पाण्याने ते कडक होतं. ईपीडीएम रबर किंवा फूड ग्रेड सिलिकॉन हवं. आणि ईपीडीएमला साधं ग्रीस लावायचं नाही, खनिज तेलाने ते फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावायचं.

शेजारच्या कन्नड अक्कांनी विचारलं, "एवढं सगळं एका घोटासाठी?" त्यांच्याकडे पितळी फिल्टरमध्ये चिकोरी घातलेलं डिकॉक्शन रात्रीच लावून ठेवतात. मी त्यांना एक कप दिला. त्यांनी तो दूध न घालता संपवला आणि बिया कुठून आणल्या ते विचारलं.

बुधवारी मामांकडे जायचं आहे. गॅस्केटची जाडी साडेआठ मिलिमीटर, बाहेरचा आणि आतला व्यास मोजून कागदावर लिहून ठेवलाय. सिलिकॉनची शीट मिळाली तर कापून देतो म्हणाले. सोबत त्यांच्यासाठी थर्मासमधून कॉफी न्यायची. दळलेली नाही, या वेळी काढलेली.