देवळाची पाठ

लहानपणी सुट्टीत वाईला आत्याकडं गेलो की आम्हा भावंडांचा मुक्काम गणपती घाटावर. देवळात मोठी माणसं बसलेली असायची, म्हणून आम्ही मागच्या अंगाला. ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीवर रबरी चेंडू मारायचा आणि परत येईल तो झेलायचा, एवढाच खेळ. पण चेंडू कधी सरळ परत यायचा नाही. डावीकडं पळायचा नाहीतर उजवीकडं, आणि दिवसातून एखादा तरी कृष्णाबाईला अर्पण व्हायचा. आत्या म्हणायची, "देवाच्या पाठीत मारताय मेल्यांनो, तो रागावणार नाही तर काय करेल?"

बरीच वर्षं मी हे खरं धरून चाललो. मग कधीतरी लक्षात आलं की ती भिंत सपाट नाहीच. गाभाऱ्याची मागची बाजू माशाच्या आकाराची बांधलीय, निमुळती, दोन्ही कुशींकडं सरकत गेलेली. पावसाळ्यात कृष्णेचा लोंढा आला की त्या टोकावर तो फुटावा आणि दोन बाजूंनी मुकाट निघून जावा, म्हणून. होडीची नाळ पाणी कापते ना, तसंच. फक्त इथं होडी जागची हलत नाही, नदीच चालत येते. आमचा चेंडू तरी मग पाण्यापेक्षा वेगळा कसा वागणार?

देऊळ १७६२ सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं त्याआधीचं, १७५७ चं, आनंदराव रास्त्यांचं. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर, म्हणजे विश्वासराव पेशवे या घरचा भाचा. पानिपतात तो गेला आणि पुढच्याच वर्षी मामाच्या नावावर हे देऊळ दिसतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता की नव्हता, यावर मी काही बोलणार नाही. पण घरात एवढं मोठं दुःख ताजं असताना कुणीतरी पाथरवटासमोर बसून 'पूर आला तर पाणी कुठून जाईल' याचा विचार करत होतं, हे मनात आलं की त्या दगडांवरून हात फिरवावासा वाटतो.

येणारे जाणारे सगळे पुढून बघतात. एकाच दगडातली ती ऐसपैस मूर्ती बघून हात जोडतात, फोटो काढतात, कंदी पेढे घेऊन पाचगणीकडं पळतात. मागं कुणी येत नाही. मी आता मागूनच जातो. पुढची रांग टळते हा फायदा वेगळा.

घाटाचं काम मात्र काळाप्रमाणं बदलत गेलं. आत्याच्या लहानपणी इथं बायका धुणी धुवायच्या आणि गावाच्या बातम्या इथूनच फुटायच्या. परीक्षेच्या दिवसांत पाठांतराला पोरं पायऱ्यांवर. माघात कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला की एकेका घाटावर मांडव पडतो, कीर्तन होतं, पंगती बसतात. मग हिंदी सिनेमावाले आले आणि त्यांनी आमच्या वाईचं चक्क बिहार करून टाकलं. हल्ली पहाटे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. नवरी शालू सावरत पायरी उतरते, फोटोवाला ओरडतो, "मॅडम, गणपतीकडं नको, सरांकडं बघा!" देव हे सगळं बघत बसलाय. त्याला सवय आहे.

बदलाचं खरं नवल बघायचं तर जरा पुढं मेणवलीला जावं. नाना फडणवीसांच्या वाड्याखाली घाटावर एक मोठी घंटा टांगलीय. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळाला कडेवर घेतलेली मेरी. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यातली ही एक. एकेकाळी लोकांना प्रार्थनेला बोलवायची, आता मेणेश्वराच्या दारात शंकराला जागं करते. मुलूख बदलला, धनी बदलला, देव बदलला. नाद तेवढा तोच.

वाईच्या भिंतीला अशी बदली कधी मिळाली नाही. वर धोम धरण झाल्यापासून तिला थोडी उसंत आहे, इतकंच. तरी एखाद्या श्रावणात धरणातून पाणी सोडतात, घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात आणि म्हातारीला पुन्हा कामावर उभं राहावं लागतं.

गेल्या दिवाळीत भाच्याला घेऊन गेलो होतो. त्याच्या हातात चेंडू होताच. मी मुद्दाम काही बोललो नाही. त्यानं मारला, चेंडू तिरका उडाला, पायरीवर दोन टप्पे खाल्ले आणि गेला पाण्यात.

"मामा, भिंत वाकडी आहे!"

"हो," म्हटलं. "मुद्दाम."

तो चेंडूकडं बघत राहिला. चेंडू डुलत डुलत पुलाकडं निघाला होता.

"आता कुठं जाईल तो?"

"माहुलीला. तिथं वेण्णा भेटेल त्याला. पुढं कऱ्हाड, मग सांगली."

"मग आत्याआजीला सांगू नको," तो म्हणाला, "ती म्हणेल गणपती रागावला."