हात आवरले तेव्हा कुठं डायव्हिंग जमायला लागलं

मी लातूरचा, पोहायला शिकलो औशाजवळ मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. त्यामुळं अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटरचा कोर्स करताना पाण्याची भीती अशी वाटलीच नाही, चार दिवसांत कार्ड मिळालं, 18 मीटरपर्यंत जायला मोकळा.

मग मालवणला गेलो आणि पहिल्याच डाइव्हला 25 मिनिटांत माझ्या टँकमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा 50 बारवर, बडीकडं, म्हणजे जोडीदाराकडं, अजून 110 शिल्लक. माझ्यापायी त्यालाही वर यावं लागलं, लई वाईट वाटलं. टँक दोघांचेही 200 बारनंच भरलेले होते. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवापण दुप्पट जाते, तिथं धापा टाकल्या की टँक बघता बघता संपतो.

दुसऱ्या दिवशीच्या सरांनी आधी बुडायला कमरेला बांधतात ते वजन बघितलं. 8 किलो! बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, रिकामी कर म्हणले, साधा श्वास घेऊन थांब, पाणी डोळ्यांपर्यंत यायला पाहिजे आणि श्वास सोडला की हळू बुडायला पाहिजे. मी सरळ दगडासारखा खाली. शेवटी 5 किलोवर जमलं. जास्तीचं वजन पेलायला मी बीसीडीत हवा भरायचो, ती हवा वर आलं की फुगायची, खाली गेलं की आवळायची, मग मी सारखा बटण दाबत आणि हात मारत बसायचो.

खरी गोम श्वासातच होती. श्वास घेतला की अंग लगेच उचलत नाही, दोन-तीन सेकंदांनी उचलतं, तेवढा धीरच मला नव्हता. सरांनी हात छातीशी बांधायला लावले, श्वासावरच वर-खाली हो म्हणले. श्वास कोंडायचा मात्र अजिबात नाही, टँकची हवा छातीत कोंडून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं.

गावी आल्यावर महिनाभर रोज सकाळी विहिरीत, तोंडात स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, हात बांधलेले, नुसते बेडकासारखे पाय. मामा काठावरून म्हणायचे, "पोहता येतंय की रे तुला, मग आता हे काय करायलास?" हात मारायची सवय त्याच विहिरीत लागली होती, ती तिथंच सोडवत होतो.

परवा परत मालवणला गेलो. 41 मिनिटं खाली होतो, शेवटी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबलो, दोरी न धरता. बडीनं काटा दाखवला, 70. माझाही 70.