शेवटचा रविवार, सकाळी दहा

बडोद्यात कोड लिहिणाऱ्यांना एकत्र आणायला घेतलेल्या पहिल्या बैठकीवर मी १४ हजार रुपये घालवले, तेही पदरचे. अलकापुरीतल्या एका कॅफेचा वरचा मजला, फ्लेक्स, लॅपटॉपवर चिकटवायचे स्टिकर आणि बंगळुरूहून आलेला वक्ता. विषय होता, गुंतवणूकदारापुढे कसं बोलावं. नावं ४० जणांनी नोंदवली होती, आले ११. त्यातले दोघे विमा एजंट, आणि एक गृहस्थ वर एसी आहे म्हणून आलेले. गुंतवणूकदाराला दाखवावं असं काही त्या खोलीत एकाकडेही नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

ही २०२२ ची गोष्ट. त्याआधी टाळेबंदीत मी पुण्याहून बडोद्याला घरी आले, बाबांची तब्येत बिघडली आणि परत जायचं राहूनच गेलं. दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करत होते. पगार चालू होता, पण कोड अडला तर शेजारी विचारायला कुणी नाही, याचा जीव खायला लागला. बडोद्यात इंजिनिअरांचा तुटवडा आहे असंही नाही. विद्यापीठ आहे, रिफायनरी आहे, मकरपुऱ्याची जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, आहे. फक्त एकाला दुसरा माहीत नाही.

दुसऱ्या बैठकीला चार जण आले. तिसरीला मी आणि डिप्लोमाचा एक मुलगा. आम्ही शेवउसळ खाल्ली, मी त्याला गिट, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवायचं साधन, शिकवलं आणि घरी आले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी हा नाद सोडलाच होता.

कॅफे परवडेना म्हणून आमच्या गल्लीतल्या एका जुन्या मराठी मंडळाचा हॉल मागायला गेले. किल्ली ज्यांच्याकडे असते त्या काकांनी दोन अटी घातल्या: चपला बाहेर, आणि जाताना पंखे बंद. मग विचारलं, "अगं, पण हे तुमचं कीर्तन असतं तरी कधी?"

"ठरलेलं नाही काका. सगळ्यांना विचारून, सोयीचा दिवस बघून..."

"एकादशीला कधी कुणी सोय विचारतं का?"

त्या महिन्यापासून शेवटचा रविवार, सकाळी दहा. कोण येणार आहे हे विचारणं मी बंद केलं. तीन जण आले तरी तिघांची बैठक. वेळ सकाळची केली त्याचा एक फायदा माझ्या आधी लक्षातच आला नव्हता: मुली येऊ लागल्या. संध्याकाळी सातच्या बैठकीला होस्टेलची वेळ आडवी यायची, किंवा घरचे. वर्षभर मी "मुलींना रस नसतो हो" हे ऐकून घेत होते आणि, लाज वाटते सांगायला, थोडं खरंही मानत होते.

नवरात्राच्या नऊ रात्री या शहराकडून काहीही अपेक्षा ठेवू नये. पहाटेपर्यंत गरबा खेळलेला माणूस दहा वाजता डेटाबेस ऐकायला येत नाही. शेवटचा रविवार त्यात सापडला की आम्ही तिघे-चौघे चहा पिऊन उठतो. उत्तरायणानंतरही आठवडाभर सगळ्यांची बोटं मांज्यानं कापलेली असतात, पण जानेवारीचा शेवट येईपर्यंत भरतात.

भाषेचा प्रश्न आपोआप सुटला. इंग्रजी स्लाइड लावून मी बोलायचे तेव्हा पोरं माना डोलवायची आणि शंका एकही नाही. एकदा वीज गेली, पडदा बंद पडला, आणि गुजराती-हिंदी-मराठीच्या आमच्या खिचडीत बोलायला लागले, तर तासभर प्रश्न थांबेनात. काका दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, यात नवल काय? सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, त्याचे पहिले प्राचार्य गज्जर, त्यांचा हट्टच होता की धंद्याचं शिक्षण आपल्या भाषेत द्यायचं. फाळके तिथेच शिकले ना, सिनेमावाले! कलाभवन म्हणजे आताच्या विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी. मी तिथूनच पदवी घेतलीय आणि हे मला ठाऊक नव्हतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये पूर आला. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. आमच्यातल्या सहा-सात जणांनी रात्रीतून एक साधी शीट बनवली: कुठला पूल बंद, कुठे दूध मिळतंय, कुणाकडे आजारी माणूस आहे. ती फोनाफोनी खूप फिरली. पुढच्या बैठकीला हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. प्रत्येकाला पुराचं अॅप काढायचं होतं, दोघांना तर पुरात नदीतून रस्त्यावर येणाऱ्या मगरीचा इशारा देणारं. दिवाळीपर्यंत त्यातले बहुतेक गळाले. उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही, पण तेव्हापासून भरलेला हॉल बघून मला फार आनंद होत नाही.

टिकलं ते भलतंच. त्या डिप्लोमाच्या मुलाच्या मामांचं मकरपुऱ्यात छोटं वर्कशॉप आहे. लाइटबिल का वाढतंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि संशय हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर होता. दोन मुलं आणि एक मुलगी कामाला लागली. वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, करंट वाचायला ईएसपी-३२ चा वायफायवाला छोटा बोर्ड आणि आकडा मामांच्या फोनवर. हॉलच्या टेबलावर तासाभरात चाललं. शेडमध्ये नेलं आणि सगळं कोसळलं. मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर खटकन पडला की बोर्ड रीस्टार्ट व्हायचा. धूळ लागू नये म्हणून बोर्ड हौसेनं लोखंडी पेटीत बंद केला होता, त्यामुळे वायफायही मिळेना. मामा म्हणाले, "बेन, तमारुं मशीन तो मारा मशीन करतां वधारे बंध रहे छे." म्हणजे तुमचं मशीन माझ्या मशीनपेक्षा जास्त बंद असतं. पॉवर सप्लाय वेगळा केला, पेटी प्लॅस्टिकची आणली, तीन रविवार गेले. मग एकदाचे आकडे नीट येऊ लागले आणि दिसलं की जेवणाच्या सुट्टीत, सगळी मशीन बंद असताना, कॉम्प्रेसर दर थोड्या मिनिटांनी लोड घेतोय. म्हणजे हवा गळतेय. साबणाचं पाणी लावून शोधलं तर सात जोडांतून बुडबुडे. शेजारच्या दोन शेडवाल्यांनी लगेच "आमच्याकडेही लावा" म्हटलं, पैसे देऊन. तिघांनी कंपनी नोंदवली ती त्यानंतर.

ही बातमी लागताच एक संस्था मदतीला धावून आली. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अडीच तास भाषणं, आणि बॅनरवर आमचं नाव त्यांचा उपक्रम म्हणून. मुलांना हवं होतं ते चाचणीचं एक उपकरण आठवडाभर वापरायला, तेवढं मात्र मिळालं नाही.

आम्हीही संस्था नोंदवावी असं मग पुष्कळांनी सुचवलं. सोसायटी १८६० च्या कायद्याखाली, किमान सात जण लागतात, आणि गुजरातेत शिवाय चॅरिटी कमिशनरकडे ट्रस्ट म्हणूनही नोंद. अध्यक्ष कोण यावरच तीन बैठका गेल्या, आणि त्या तीन बैठकांत कुणी कोडची एक ओळ दाखवली नाही. विषय बंद केला. एक डबा आहे, ज्याला जमेल तो ५० रुपये टाकतो. हिशेब वहीत, वही काकांच्या कपाटात.

माणसं जातात, हे मात्र अजून अंगवळणी पडत नाही. दर जुलैत चांगले चार-पाच जण पुण्याला, बंगळुरूला नाहीतर कॅनडाला निघतात. पहिली दोन वर्षं मी मनातून रुसायचे. आता रिवाज केलाय: जाणाऱ्यानं शेवटच्या बैठकीत एक गोष्ट शिकवायची आणि आपलं अर्धवट काम कुणाच्या तरी हातात सोपवायचं. दिवाळीत ती सगळी परत येतात, आणि सुट्टीतल्या रविवारी जास्तीची एक बैठक होते. काका त्या दिवशी चिवडा आणतात.

मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला पुण्याला होते. मी नसताना झालेली ही पहिलीच बैठक. सकाळपासून फोन बघायचा नाही असं ठरवलं होतं आणि मंगलाष्टकांतही बघितलाच. एकाचाही मेसेज नाही. रात्री काकांचा फोन आला.

"अगं, पोरं आली होती चौदा-पंधरा. पंखे बंद केलेन् सगळे. जिन्यातला दिवा तेवढा राहिला, सांग त्यांना."