कौलं, पत्रे आणि थकलेली बिलं : आमची वाटचाल

बरेच जण विचारतात की तू नक्की काय करतोस, म्हणजे बिल्डर आहेस का. नाही बाबा. बिल्डर म्हटलं की लोकांना बिल्डिंगा आणि फॉर्च्युनर दिसते, माझ्याकडे एक जुना पिकअप आणि तीन शिड्या आहेत. आमची फर्म उत्तर कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळा दुरुस्त करते. घरांची कामं पण करतो, पण ओळख झालीय ती शाळावाला म्हणूनच. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे बिलांबद्दल लिहिणार आहे आणि बिलं अजून त्याच टेबलावर जायची आहेत.

सुरुवात अण्णांपासून, म्हणजे माझ्या वडिलांपासून. अण्णा चिऱ्याचं काम करायचे. जांभ्याची खाण, तिथून चिरा आणायचा, तासायचा, भिंत उभी करायची. सही करायला यायची, बाकी हिशोब सगळा डोक्यात. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, मुंबईत दोन वर्षं साइट सुपरवायझर म्हणून घासली आणि २०१२ ला परत आलो, तर अण्णा म्हणाले आलास ना, आता त्या कागदाचा उपयोग कर. कागद म्हणजे डिप्लोमा. तेव्हा कळलं की आपण सरकारी भाषेत 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' आहोत. सरकारी कामांच्या वाटपात तेव्हा ३३ टक्के कामं आमच्यासारख्यांना, ३३ मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ खुल्या कंत्राटदारांना, असं सूत्र होतं. बेरोजगार म्हणून नोंदणी करून रोजगार मिळवायचा, आईला हे समजावताना नाकी नऊ आले.

पहिलं काम शाळेच्या स्वच्छतागृहाचं. त्यात पाच हजार सुटले का गेले ते आजपर्यंत समजलेलं नाही.

त्याच्या आधी शाळांची बांधकामं कशी व्हायची ते आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या गुरुजींना विचारा. सर्व शिक्षा अभियानात पैसे थेट गावच्या समितीच्या खात्यात यायचे आणि बांधकामाचं सगळं मुख्याध्यापकाच्या गळ्यात. म्हणजे चौथीचा वर्ग शिकवायचा आणि मधल्या सुट्टीत वाळूचा डंपर मोजून घ्यायचा. एक गुरुजी मला म्हणाले होते की अरे मी डीएड केलं ते सळईचं वजन काढायला नाही. तरी त्या काळातल्या कितीतरी खोल्या आजही चांगल्या आहेत, कारण गुरुजींना तिथेच बसायचं होतं, स्लॅब गळली तर त्यांच्याच डोक्यावर. हे मी गमतीत म्हणतो पण त्यात तथ्य आहे.

दुरुस्तीसाठी तेव्हा वर्षाला तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला पाच हजार आणि त्याहून मोठीला दहा हजार मिळायचे. २०१८ ला समग्र शिक्षा आली, केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के, त्यात हे सगळे छोटे छोटे हेड एकत्र करून एक संयुक्त शाळा अनुदान केलं. आता ते पटावर मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला दहा हजार, शंभरापर्यंत पंचवीस. ऐकायला बरं वाटतं, पण त्याच दहा हजारात खडू, रजिस्टर, लाइट बिल, साफसफाई आणि उरलं तर छप्पर. आणि कोकणातल्या वाडीवरच्या शाळेचा पट किती? बारा. नऊ. एकात सहा. घरं मोठी होत चाललीत, पोरं मुंबईला. पण पट सहा असला म्हणून पाऊस कमी पडत नाही ना, छप्पर तेवढंच आहे.

आता छपराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमचा सगळा धंदा त्यावर चाललाय.

जुनी शाळा म्हणजे चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, वर लाकडी आढं, वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं. काही काही कौलांवर मंगलोरच्या कारखान्याचा छाप अजून स्पष्ट वाचता येतो. ही छपरं उत्तम होती, फक्त दरवर्षी मे महिन्यात शाकारावी लागतात. म्हणजे फुटलेली कौलं काढायची, सरकलेली बसवायची, रीप कुजली असेल तर बदलायची. दोन माणसं, दोन दिवस. पण वानरं आली की संपलं. शाळेमागे फणस असेल तर वानरांचा रस्ता छपरावरूनच जातो, एक टोळी गेली की वीस-पंचवीस कौलं फुटलीच. मग पहिल्या पावसात पाणी वाशावर, दुसऱ्या पावसाळ्यात वासा काळा, तिसऱ्याला वाळवी, आणि पाचव्या वर्षी जेई साहेब (कनिष्ठ अभियंता) येऊन लिहितात की इमारत धोकादायक. दोन हजाराची शाकारणी झाली नाही म्हणून दहा-बारा लाखाची खोली लागते, हे मी माझ्या डोळ्यासमोर निदान आठ शाळांत बघितलंय. आणि खरं सांगतो, खोलीचं काम मिळालं की मला पण आनंदच होतो, धंदा आहे शेवटी. पण शाकारणी कुणीच टेंडरमध्ये घालत नाही, आणि कौलं लावणारी माणसं पण आता हातावर मोजण्याइतकी राहिलीत. आमच्याकडे दोघं आहेत, धाकटा ५८ वर्षांचा.

मग आलं निसर्ग चक्रीवादळ. ३ जून २०२०, बुधवार. आधीच लॉकडाऊन, शाळा मार्चपासून बंद, कामगार गावी गेलेले. दुपारी वारा सुरू झाला तेव्हा मी घराच्या मागच्या खोलीत अण्णांसोबत बसलो होतो, आणि आपल्याच घराचे पत्रे एकेक करून जाताना ऐकत होतो. बघत नाही, ऐकत. बाहेर बघायची हिंमत नव्हती. संध्याकाळी बाहेर आलो तर पोफळी सगळ्या एका बाजूला झोपलेल्या, आणि आमच्या शाळेचं छप्पर शेजारच्या वाडीत. पुढे कित्येक दिवस लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही.

त्या पंधरा दिवसांत मी मोटरसायकलवरून एकवीस शाळा बघितल्या, कुणी सांगितलं नव्हतं, असंच. एक गोष्ट तेव्हा शिकलो जी डिप्लोमात शिकवली होती पण कळली नव्हती. छप्पर वरून दाबलं जाऊन मोडत नाही, ते खालून उचललं जातं. वारा पडवीत घुसतो आणि छपराला आतून वर ढकलतो. जिथे लोखंडी कैची, म्हणजे छपराचा तिकोनी सांगाडा, नुसती चिऱ्याच्या भिंतीवर ठेवून सिमेंटने बुजवली होती तिथे कैचीसकट सगळं गेलं. जिथे भिंतीवर आरसीसीचा पट्टा होता आणि त्यात बोल्ट गाडून कैची आवळली होती तिथे पत्रे वाकले पण छप्पर जागेवर. फरक काय, तर दहा-बारा बोल्ट. तेव्हापासून आमच्या फर्मचा नियम आहे, अंदाजपत्रकात असो नसो, बोल्ट घालायचे. खोलीमागे तीन-चार हजार खिशातून जातात. एका इंजिनिअर साहेबांनी विचारलं की हे आयटममध्ये नाही, कशाला करतोस, मी म्हटलं साहेब पैसे नका देऊ पण काढायला पण सांगू नका. वर्षभरात, मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं. आम्ही तोपर्यंत केलेल्या चार शाळांचा एक पत्रा हलला नाही. याची कुठे नोंद नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

निसर्गनंतर निधी आला, घोषणा झाल्या, यादी झाली, पंचनामे झाले. आम्हाला तीन शाळा मिळाल्या, मिळून ७ लाख ४० हजारांचं काम. पोरांची शाळा सुरू व्हायच्या आत छप्पर पाहिजे म्हणून मी थांबलो नाही. पत्र्यांचा तुटवडा, भाव वाढलेले, तालुक्यातल्या हार्डवेअरच्या शेठने उधारीवर माल दिला. काम दोन महिन्यात पूर्ण, एमबी, म्हणजे कामाची मोजमाप वही, रेकॉर्ड झाली, बिल टेबलावर गेलं. आणि मग तो सुप्रसिद्ध डायलॉग, बीडीएसवर निधी दिसत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सरकारचा निधी त्या सिस्टीमवर दिसल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. मी दर सोमवारी जायचो, क्लार्क मला बघूनच मान हलवायचे. पहिले पैसे चौदा महिन्यांनी आले. तोपर्यंत शेठ आधी रोज फोन करायचे, मग मी उचलेना, मग त्यांनी करणं बंद केलं, ते जास्त लागलं. शेवटी बायकोच्या बांगड्या पतपेढीत ठेवून शेठचे अर्धे दिले. बांगड्या सुटल्या, पण त्या काळात लग्नाला जायचं म्हटलं की ती काहीतरी कारण काढायची, ते विसरता येत नाही.

आणि बिल निघालं तरी पूर्ण हातात येत नाही. जीएसटीचा टीडीएस, इन्कम टॅक्स, कामगार उपकर, गौण खनिजाची रॉयल्टी, विमा, वर सुरक्षा अनामत जी दोष दायित्व कालावधी (कामात दोष निघाला तर आपण दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर परत मिळते, म्हणजे आठवण ठेवून अर्ज केला तर. जुलै २०२२ मध्ये सरकारी कामांवरचा जीएसटी १२ चा १८ झाला, आमची दोन कामं जुन्या दराने मंजूर होती, मधले सहा टक्के कोणी द्यायचे यावर इतका पत्रव्यवहार झाला की त्या कागदात एक शाळा शाकारून झाली असती. त्यात बाहेरून येऊन पंचवीस-तीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराने, टेंडर टाकणारे. अरे पत्रा, सिमेंट सगळ्यांना त्याच भावात मिळतं ना, मग तीस टक्के कुठून काढणार? कुठून काढतात ते दोन पावसाळ्यांनी दिसतं.

आमचीही चूक झालीय, ती पण लिहायला पाहिजे. एका शाळेची कौलं काढून आम्ही मस्त निळे रंगीत पत्रे टाकले, फोटो एकदम भारी आले, मी स्टेटसला पण ठेवले. जूनमध्ये तिथल्या बाईंचा फोन. म्हणाल्या, "दादा, छप्पर छान आहे, पण पाऊस लागला की मी काय बोलते ते मलाच ऐकू येत नाही, तुम्ही एकदा येऊन बसा." गेलो. पाऊस आला. बाईंनी पोरांना पाढे म्हणायला सांगितलं, सगळ्यांची तोंडं हलतायत आणि आवाज फक्त पत्र्याचा. बाई फळ्यावर लिहायच्या आणि पोरं उतरवून घ्यायची, जून ते सप्टेंबर असंच. कौलाखाली हा त्रास कधी नव्हता. छताखाली सीलिंग हवं होतं आणि ते अंदाजपत्रकात नव्हतं, मी पण मागितलं नव्हतं. मग ग्रामपंचायतीच्या मागे लागलो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेल्या ४० मधून सरपंचताईंनी सीलिंग बसवून दिलं, मजुरी आम्ही घेतली नाही. आता पत्र्याचं काम घेताना पहिला प्रश्न मी आवाजाचा काढतो.

नवीन खोलीची गंमत वेगळीच. जिल्हा नियोजनमधून पैसे मंजूर होतात, पण जुनी इमारत पाडायला आधी निर्लेखन लागतं, म्हणजे ही इमारत आता वापरायोग्य नाही असा कागद. तो येईपर्यंत पोरं देवळात किंवा समाजमंदिरात. निर्लेखन झालं की जागेचा सातबारा निघतो आणि त्यावर नाव कुणाचं, तर ज्यांनी सत्तर वर्षांपूर्वी तोंडी जागा दिली त्या आजोबांचं. तेव्हा लोकल बोर्डाची शाळा होती, जिल्हा परिषदा १९६२ ला आल्या, गावाने श्रमदान करून, मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून भिंती उभ्या केल्या, बक्षीसपत्र करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता त्या आजोबांचे सतरा वारस, विरार ते अंबरनाथ पसरलेले. मी कंत्राटदार असून गणपतीत घरोघर जाऊन सह्या गोळा केल्यात, मोदक खाऊन. एका काकांनी सही करायला तीन वर्षं लावली, निधीची मुदत दोनच वर्षं असते, काम परत गेलं. ती शाळा अजून समाजमंदिरातच भरते.

मार्च एंडबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी ३१ मार्चच्या रात्री ऑफिसच्या पायरीवर वडापाव खाल्लाय त्यांना माहीत आहे.

आज फर्ममध्ये नऊ जण आहेत, त्यातले चार कायमचे. चुलतभाऊ हिशोब आणि ऑनलाइन टेंडर बघतो, बहिणीचा मुलगा वेल्डिंग शिकलाय. उधारी आता ठरवून ठेवलीय, एका वेळी सरकारी काम दोनच, तिसरं कितीही चांगलं असलं तरी नाही, मधे घरांची कामं घेऊन घर चालवायचं. शेठ परत बोलतात, पण माल रोखीने. अण्णा ७४ वर्षांचे आहेत, साइटवर येतात, खुर्चीत बसून चिऱ्याचा सांधा बघतात आणि चुकला की काठीने दाखवतात.

मे महिन्यापासून एक नवीन प्रकार सुरू केलाय. ज्या शाळांचा पट तीसच्या आत आहे त्यांना आम्ही शाकारणी मजुरीच्या भावात करून देतो, बिल शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने, दहा हजारात बसेल असं, नाही बसलं तर फुटकी कौलं आमच्याकडच्या साठ्यातून. पाडलेल्या इमारतींच्या लिलावात घेतलेली दीड-दोन हजार जुनी कौलं मागच्या परड्यात रचून ठेवलीत, बायको म्हणते सापांची सोय केलीस. या वर्षी अकरा शाळा झाल्या. बाराव्या शाळेचे गुरुजी काल फोनवर म्हणाले अनुदान अजून खात्यात आलेलं नाही, आणि वानरं मात्र येऊन गेली. उद्या सकाळी शिडी घेऊन जातोय.